आवळ्याच्या आरोग्यकीर्तीचा इतिहास : रसायन, जीवनसत्त्व आणि अँटिऑक्सिडंट

१. प्रस्तावना

'आवळा देऊन कोहळा काढणे' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. क्षुल्लक वस्तू देऊन मोठा लाभ पदरात पाडून घेणे, असा तिचा आशय आहे. या म्हणीत आवळ्याची जी किंमत गृहीत धरली आहे ती अगदीच नगण्य आहे. रानात आपोआप वाढणारे, मूठभर गोळा केले तरी कोणी हटकणार नाही असे हे फळ. दुसऱ्या बाजूला, याच फळाला संस्कृत वैद्यकाने 'धात्री' म्हणजे पोसणारी माता म्हटले आणि वार्धक्य रोखणाऱ्या द्रव्यांत अग्रस्थान दिले. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाची पूजा करून त्याच्या सावलीत भोजन करण्याचा प्रघात महाराष्ट्रात आहे. तुळशीच्या लग्नात बोर, चिंच आणि ऊस यांच्या जोडीला आवळा लागतोच. बाजारभावाने क्षुल्लक आणि कीर्तीने थोर, असे हे फळ आहे.

विसाव्या शतकात या कीर्तीला आधुनिक विज्ञानाची भाषा लाभली. प्रथम 'क' जीवनसत्त्वाचा साठा म्हणून आणि नंतर अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचे भांडार म्हणून आवळ्याचा गौरव झाला. आवळ्यापासून केलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत रसायन, जीवनसत्त्व आणि अँटिऑक्सिडंट हे तिन्ही शब्द अनेकदा एकाच ओळीत आढळतात. जणू एकच सत्य तीन भाषांत सांगितले आहे, असा समज त्यातून होतो. हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ही तीन विधाने वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून पुढे आली आणि त्यांच्या पाठीशी असलेला पुरावाही सारख्या बळाचा नाही. या तीन टप्प्यांचा क्रमाने मागोवा घेणे आणि त्यांपैकी कोणता दावा कोणत्या आधारावर उभा आहे हे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. रसायनकल्पना आणि आवळा

आवळ्याच्या औषधी कीर्तीचा सर्वांत भक्कम प्राचीन आधार चरकसंहितेत सापडतो. तिच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाध्यायाने होतो आणि या अध्यायाचे चार पाद आहेत. पहिल्या पादाचे नावच हिरडा आणि आवळा या दोन फळांवरून पडले आहे. च्यवनप्राशाची कृती याच पादात येते. पाचशे आवळे, अनेक वनस्पतींचा काढा, तूप, तेल, साखर आणि मध यांपासून तयार होणारा हा अवलेह खोकला व दमा यांवर, तसेच क्षीण, वृद्ध आणि बालक यांच्यासाठी हितकर मानला आहे. अश्विनीकुमारांच्या कृपेने वृद्ध च्यवन ऋषीला पुन्हा तारुण्य लाभल्याची कथा वैदिक वाङ्मयाइतकी जुनी आहे. अवलेहाला त्याचे नाव जोडल्याने औषधाला कथेचे आणि कथेला औषधाचे बळ मिळाले. दुसऱ्या पादात आवळ्याचे घृत, चूर्ण आणि अवलेह यांच्या कृती आहेत. तिसऱ्या पादाचे 'करप्रचितीय' हे नाव हाताने वेचलेल्या आवळ्यांवरून आले आहे. फळे हाताने तोडलेली असावीत, असा त्यातील निर्देश आहे.

या विवेचनात दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे, 'रसायन' या संज्ञेचा रोख एका विशिष्ट रोगावर नव्हता. दीर्घायुष्य, स्मृती, बुद्धी, तारुण्य, कांती आणि बल या साऱ्यांचा लाभ व्हावा, शरीरातील धातूंचे उत्तम पोषण व्हावे, अशी ही व्यापक कल्पना होती. एका ठरावीक रोगाने आजारी पडलेल्या माणसाला आवळा दिल्याने तो किती दिवसांत बरा होतो, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. आवळ्यात खारट वगळता पाच रस असतात आणि तो तिन्ही दोषांचे शमन करतो, ही त्या शास्त्राच्या अंतर्गत चौकटीतील सुसंगत उपपत्ती होती. आधुनिक अर्थाने ती मोजमापाची भाषा नव्हती आणि तसा तिचा दावाही नव्हता.

दुसरी बाब सामाजिक आहे. चरकाने रसायनसेवनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. कुटीप्रावेशिक प्रकारात खास बांधलेल्या कुटीत राहून, सर्व व्यवहार सोडून, नियमबद्ध उपचार घ्यावयाचे असतात. हा विधी समर्थ, निरोगी, संयमी, सवड असलेल्या आणि साधनसामग्रीने संपन्न अशा माणसांसाठीच हितकर आहे, असे संहिता स्पष्टपणे सांगते. इतरांसाठी वारा-ऊन टाळण्याचे बंधन नसलेला वातातपिक प्रकार आहे. फळ रानातले असले तरी त्यावर आधारलेला सर्वोत्तम उपचार सवड आणि संपत्ती असणाऱ्यांसाठी होता. आवळ्याच्या पुढील इतिहासातही हा विरोध वारंवार डोकावतो.

रानातल्या फळाचे क्षुल्लकत्व बौद्ध परंपरेतही दिसते. आयुष्याच्या अखेरीस सत्ता हातातून गेलेल्या सम्राट अशोकाकडे दान करण्यासाठी केवळ अर्धा आवळा उरला आणि तोच त्याने भिक्षुसंघाला अर्पण केला, अशी कथा अशोकावदानात आहे. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने पाटलिपुत्राजवळील आमलक स्तूपाचा उल्लेख केला आहे. नागर शैलीतील मंदिरांच्या शिखरावर जो कंगोरेदार, चपटा गोलाकार घटक असतो त्यालाही शिल्पशास्त्राने 'आमलक' असेच नाव दिले. दान करता येईल अशी सर्वांत लहान वस्तू आणि मंदिराच्या शिखरावरील उंच भाग या दोहोंनाही एकाच फळाचे नाव मिळाले.

३. आमलकापासून 'एम्ब्लिक'पर्यंत

आवळ्याची कीर्ती भारताबाहेर गेली ती वाळवलेल्या फळाच्या रूपाने. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा हे मिश्रण युनानी वैद्यकात 'इत्रीफल' या नावाने रूढ झाले. 'आमलक' शब्दाचे अरबी रूप 'अमलज' झाले आणि त्यावरून लॅटिनमध्ये 'एम्ब्लिका' ही संज्ञा आली. मध्ययुगीन युरोपातील औषध-विक्रेत्यांना पाच प्रकारची 'मायरोबलन' फळे ठाऊक होती. आवळा हे त्यांपैकी एक होते. गोव्यात वास्तव्य करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात या फळांसाठी स्वतंत्र संवाद योजला आहे. लिनियसने १७५३ साली या वृक्षाला 'फायलँथस एम्ब्लिका' हे शास्त्रीय नाव दिले, त्यातही मूळ संस्कृत शब्दाचा अंश शिल्लक राहिला.

आवळा वाळवून वर्षभर टिकवण्याची रीत घरोघरी होती. हिवाळ्यातील फळ उन्हाळ्या-पावसाळ्यात उपयोगी पडावे म्हणून महाराष्ट्रात आवळकाठी, आवळासुपारी आणि मोरावळा हे प्रकार केले जात व आजही केले जातात. वाळवलेल्या फळातही गुण शिल्लक राहतो, ही समजूत या रीतीच्या मुळाशी होती. विसाव्या शतकात या समजुतीला अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले.

४. स्कर्व्ही आणि भारतीय सैनिक

हिरड्या सुजून रक्त येणे, दात हलणे, त्वचेखाली रक्त साकळणे, जुने व्रण पुन्हा उकलणे, कमालीचा थकवा आणि अखेरीस मृत्यू, ही स्कर्व्हीची लक्षणे. समुद्रप्रवासातील हा रोग लिंबूवर्गीय फळांनी बरा होतो हे जेम्स लिंड या ब्रिटिश वैद्याने १७४७ साली 'सॅलिसबरी' जहाजावरील बारा रुग्णांवर केलेल्या तुलनेतून दाखवून दिले होते. १७९५ नंतर ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमितपणे देण्यात येऊ लागला. तथापि त्या रसातील कोणते द्रव्य उपकारक ठरते, हे सव्वाशे वर्षे अज्ञातच राहिले.

हे अज्ञान पहिल्या महायुद्धात भारतीय सैनिकांना भोवले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनला ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल्-अमारा येथे तुर्की सैन्याने वेढले. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात ताजा भाजीपाला संपला. ब्रिटिश सैनिक घोड्याच्या मांसावर तग धरू लागले, परंतु भारतीय सैनिकांपैकी बहुसंख्यांनी धार्मिक कारणास्तव ते दीर्घकाळ नाकारले. त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. हा प्रश्न वेढ्यापुरता मर्यादित नव्हता. १९१६ सालच्या उत्तरार्धात मेसोपोटेमियात अवघ्या १९ आठवड्यांत ११,००० हून अधिक भारतीय सैनिक स्कर्व्हीमुळे निकामी झाले. पीठ, डाळ, तूप यांवर आधारलेल्या शिध्यात ताज्या फळभाज्यांचा अंश जवळजवळ नव्हता, हे त्याचे उघड कारण होते.

या अनुभवानंतर लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी स्कर्व्हीरोधक पदार्थांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. १९१९ साली त्यांनी चिंच, कोकम आणि आमचूर या तीन सुक्या भारतीय फळांची परीक्षा प्रसिद्ध केली. सैनिकांच्या शिध्यात सहज पाठवता येतील असे हे पदार्थ होते. त्यांत स्कर्व्हीरोधक गुण काही प्रमाणात आढळला, परंतु ताज्या लिंबाच्या रसाची सर त्यांना नव्हती. फळ वाळवले की त्यातील हा गुण बहुतांशी नाहीसा होतो, असाच तत्कालीन अनुभव होता. या तीन फळांच्या यादीत आवळा नव्हता.

५. मद्रास, कुन्नूर आणि हिस्सार

१९२८ साली आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी याने एक आम्ल वेगळे केले आणि १९३२ साली तेच स्कर्व्हीरोधक जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले. या 'क' जीवनसत्त्वाला ॲस्कॉर्बिक आम्ल हे नाव मिळाले. द्रव्य ओळखले गेल्यामुळे ते मोजणे शक्य झाले आणि जगभर फळाफळांची मोजणी सुरू झाली. भारतात या कामाचे एक प्रमुख केंद्र म्हणजे निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळा. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिचा पाया घातला आणि १९३५ पासून वॉलेस एक्रॉइड तिचे संचालक होते. भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची त्यांची पुस्तिका १९३७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढील अनेक दशकांतील आहारतक्त्यांचा ती आधार ठरली.

या मोजणीत आवळा अग्रस्थानी आला. त्याहून महत्त्वाचे काम मद्रास येथे झाले. एम. दामोदरन आणि के. आर. नायर यांनी १९३६ साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आवळ्यातील टॅनिनांवर, म्हणजे त्याला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांवर, निबंध प्रसिद्ध केला. ही तुरट द्रव्ये ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण रोखतात आणि त्यामुळे ते टिकून राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाळवलेल्या किंवा शिजवलेल्या आवळ्यात 'क' जीवनसत्त्व इतर फळांपेक्षा अधिक का उरते, याचे स्पष्टीकरण यातून मिळाले. ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये ही कल्पना आवळ्याच्या संदर्भात येथे प्रथम ठळकपणे पुढे आली. मात्र तिचा संबंध मानवी शरीराशी जोडलेला नव्हता. फळातच एक द्रव्य दुसऱ्याचे रक्षण करते, एवढाच मर्यादित अर्थ तिला होता.

या संशोधनाला लवकरच प्रत्यक्ष प्रसंगाची कसोटी लागली. तत्कालीन पंजाबातील, आणि आता हरियाणात असलेल्या, हिस्सार जिल्ह्यात १९३९-४० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. दुष्काळात धान्याबरोबर हिरवा पालाही दिसेनासा होतो आणि केवळ कोरड्या धान्यावर जगणाऱ्या लोकांत स्कर्व्ही डोके वर काढते. हिस्सारच्या दुष्काळग्रस्त भागातील स्कर्व्हीवर आवळ्याचा उपयोग करण्यात आला आणि तो प्रभावी ठरल्याची नोंद भारतीय पोषणवाङ्मयात कायमची झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय सैनिकांसाठी वाळवलेल्या आवळ्याची भुकटी व वड्या वापरण्यात आल्या. मेसोपोटेमियाच्या अनुभवानंतर पाव शतकाने या प्रश्नाला देशी, स्वस्त आणि टिकाऊ असे उत्तर सापडले होते.

हिस्सारचा प्रसंग आजच्या काटेकोर निकषांवर बसणारी वैद्यकीय चाचणी नव्हे. तरीही त्याचे मोल कमी होत नाही. स्कर्व्हीचे कारण एकच आहे, तिची लक्षणे स्पष्ट आहेत आणि योग्य द्रव्य मिळताच ती झपाट्याने ओसरू लागतात. रोग, द्रव्य आणि गरजू माणूस या तिन्ही गोष्टी येथे निश्चित होत्या. आवळ्याच्या दीर्घ इतिहासात इतका नेमका प्रश्न आणि इतके नेमके उत्तर क्वचितच एकत्र आले आहे.

६. एका आकड्याचा इतिहास

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि १९६९ साली ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ साली सिद्ध केलेल्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असल्याचे दाखवले होते. पेरूसाठी हा आकडा २१२ होता. पाठ्यपुस्तके, आरोग्यविषयक लेख आणि जाहिराती यांतून '६००' हा आकडा इतका रूढ झाला की तो आवळ्याचा जणू अंगभूत गुणधर्म मानला जाऊ लागला.

याच संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांचे नव्याने पृथक्करण करून तक्ते प्रसिद्ध केले. त्यात आवळ्यातील 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅममागे सुमारे २५० मिलिग्रॅम आढळले. पेरूचा आकडा मात्र पूर्वीच्या जवळपासच राहिला. आवळ्याचा आकडा निम्म्याहून खाली येण्यामागे वाण, पक्वता, हंगाम आणि साठवण यांतील फरकांचा वाटा असू शकतो. परंतु मोजण्याच्या पद्धतीतील फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीत एका रंगद्रव्याचा रंग किती प्रमाणात उडतो यावरून जीवनसत्त्वाचे अनुमान केले जाई. ॲस्कॉर्बिक आम्लाप्रमाणेच इतर क्षपणकारी द्रव्येही तो रंग उडवू शकतात आणि आवळ्यात अशा तुरट द्रव्यांची रेलचेल आहे. आधुनिक वर्णलेखन पद्धतीने घटक वेगवेगळे करून मोजता येतात. दामोदरन-नायर यांनी ज्या टॅनिनांना जीवनसत्त्वाचे रक्षक म्हटले, त्यांनीच त्याच्या मोजणीत भर घातली असणे शक्य आहे.

आकडा घटल्याने हिस्सारचा निष्कर्ष बाधित होतो काय? तसे होत नाही. दुसऱ्या महायुद्धकाळात ब्रिटनमधील शेफील्ड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांतून दिसून आले की स्कर्व्ही रोखण्यास व बरी करण्यास दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरेसे असते. नव्या आकड्यानुसारही रानातील दहा ग्रॅम वजनाच्या एका लहान आवळ्यातून सुमारे २५ मिलिग्रॅम मिळतात. दुष्काळग्रस्ताला वाचवण्यासाठी ६०० हा आकडा कधीच आवश्यक नव्हता. तो आवश्यक होता तो प्रौढीसाठी. स्वतंत्र भारतात देशी फळाची थोरवी सांगताना 'संत्र्याच्या कितीतरी पट' हे वाक्य सोयीचे होते. नेमका दावा सुधारित मोजणीनंतरही टिकून राहिला आणि अतिशयोक्तीला मात्र आधार उरला नाही.

७. अँटिऑक्सिडंटचे युग

डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली वार्धक्याचा संबंध शरीरातील मुक्त मूलकांशी जोडणारा सिद्धांत मांडला. ऑक्सिजनच्या वापरातून निर्माण होणारे हे अस्थिर, क्रियाशील रेणू पेशींची हानी करतात आणि ती हानी साठत गेल्याने जरा येते, असे त्याचे सूत्र होते. १९६९ साली जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी अशा मूलकांना निष्प्रभ करणारे विकर शरीरातच असल्याचे दाखवल्यावर या विचाराला बळ मिळाले. मूलकांना आवर घालणारी द्रव्ये आहारातून घेतली तर वार्धक्य, हृदयविकार आणि कर्करोग लांबवता येतील, अशी आशा निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द प्रयोगशाळेतून बाजारात आला.

भारतात या शब्दाने रसायनकल्पनेला नवा पोशाख मिळवून दिला. वय स्थिर राखणारे फळ आणि जरा रोखणारे रेणू यांत साम्य दिसणे स्वाभाविक होते. शिवाय च्यवनप्राशासारख्या दीर्घकाळ शिजवलेल्या अवलेहाचे सामर्थ्य केवळ 'क' जीवनसत्त्वाने सिद्ध करणे कठीण होते, कारण उष्णतेने ते नष्ट होत जाते. त्यामुळे तुरट द्रव्यांकडे लक्ष वळले. १९९६ साली आवळ्यातील 'एम्ब्लिकॅनिन' या नावाच्या दोन संयुगांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तीच त्याच्या ऑक्सिडीकरणरोधक शक्तीचे मूळ आहेत, असे प्रतिपादन करण्यात आले. नंतरच्या काही अभ्यासकांना मात्र ही संयुगे आढळली नाहीत आणि त्यांनी गॅलिक आम्लाच्या इतर संयुगांना ते श्रेय दिले. परीक्षानळीत आवळ्याचा अर्क मूलकांना निष्प्रभ करतो, याविषयी फारसा वाद नाही. तो कोणत्या द्रव्यामुळे करतो आणि मुख्य म्हणजे मानवी शरीरात त्याचे काय होते, हे वेगळे प्रश्न आहेत.

या दुसऱ्या प्रश्नाने जगभरच्या आशेला धक्का दिला. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. अमेरिकेतील अशीच एक मोठी चाचणी १९९६ साली याच कारणास्तव मुदतीपूर्वी थांबवावी लागली. परीक्षानळीतील ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेनुसार खाद्यपदार्थांचा अनुक्रम लावणारी माहितीसूची अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ साली मागे घेतली. अशा आकड्यांवरून मानवी आरोग्याविषयी अनुमान काढता येत नाही आणि त्यांचा जाहिरातींत गैरवापर होतो, असे कारण देण्यात आले. फळे-भाज्यांनी युक्त आहार हितकर असतो, या निरीक्षणाला यामुळे बाध येत नाही. परंतु त्या हिताचे श्रेय 'अँटिऑक्सिडंट' या एका गुणाला देता येत नाही, हे स्पष्ट झाले.

आवळ्यावर माणसांत झालेले अभ्यास आहेत, पण ते बहुतांशी लहान आणि अल्पकालीन आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ ते ५५ वयाच्या पुरुषांना २८ दिवस कच्चा आवळा देण्यात आला. त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी झाले. परंतु आवळा बंद केल्यावर दोन आठवड्यांत, मूळचे प्रमाण जास्त असणाऱ्यांत ते जवळजवळ पूर्वपदावर आले. त्यानंतर मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आरोग्य यांविषयीही आशादायक निष्कर्ष पुढे आले. ते पुढील संशोधनाला प्रवृत्त करणारे आहेत, पण हृदयविकार टळतो किंवा आयुष्य वाढते असे म्हणण्यास ते पुरेसे नाहीत.

दावा आणि पुरावा यांतील हे अंतर संकटकाळात अधिक जाणवते. कोविड-१९ च्या साथीत, मार्च २०२० मध्ये, आयुष मंत्रालयाने रोगप्रतिकारशक्तीसाठी रोज सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश घेण्याचा आणि मधुमेहींनी साखरविरहित च्यवनप्राश वापरण्याचा सल्ला दिला. या सल्ल्यात पारंपरिक श्रद्धा, जीवनसत्त्वाची जुनी कीर्ती आणि अँटिऑक्सिडंटची नवी भाषा एकत्र आली होती. हिस्सारमध्ये जसा एक रोग, एक उणीव आणि तिची पूर्तता असा सरळ संबंध होता, तसा तो येथे नव्हता.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. आवळ्याची आरोग्यकीर्ती ही एक अखंड परंपरा नसून तीन स्वतंत्र दाव्यांची गुंफण आहे. रसायनाचा दावा सर्वांत प्राचीन व सर्वांत व्यापक आहे. तो स्वतःच्या शास्त्रीय चौकटीत सुसंगत असला तरी विशिष्ट रोगाच्या संदर्भात त्याची परीक्षा करणे कठीण आहे. अँटिऑक्सिडंटचा दावा सर्वांत नवा आहे आणि परीक्षानळीतील क्षमतेपासून मानवी आरोग्यापर्यंतची त्याची वाट अद्याप पूर्ण झालेली नाही. स्कर्व्हीविषयीचा दावा या दोहोंच्या तुलनेत मर्यादित आणि साधा आहे, पण गरजू माणसांत उतरलेला आणि मोजणीचा आकडा बदलल्यावरही टिकलेला दावा तोच आहे. एखाद्या फळाचे आरोग्यमूल्य ठरवताना 'ते किती गुणकारी आहे' यापेक्षा 'ते कोणाच्या कोणत्या उणिवेवर उपयोगी आहे' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो, असे हा इतिहास सांगतो.

या प्रश्नाला आजही निकडीचा संदर्भ आहे. धान्य आणि डाळी यांवर आधारलेल्या आहारातील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर हे शोषण वाढते, ही पोषणशास्त्रातील सुस्थापित गोष्ट आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. एकटा आवळा रक्तक्षय दूर करणार नाही, कारण मुळात आहारात लोह असावे लागते. परंतु भाकरी-आमटीबरोबर खाल्लेला ताजा आवळा किंवा हंगामानंतर वापरता येणारी आवळकाठी हा या उपाययोजनेतील एक स्वस्त आणि आवाक्यातील भाग होऊ शकतो. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेतून महाराष्ट्रात आवळ्याची लागवड झाली. ते पीक प्रक्रिया उद्योगाकडे जितके वळले तितके अंगणवाडीच्या आणि शाळेच्या ताटाकडे वळावे, असा विचार या इतिहासातून सुचतो.

समर्थ आणि सवड असलेल्यांसाठी रसायनकुटीची योजना होती. आज त्यांच्यासाठी आकर्षक बरण्या आणि महागडे अर्क आहेत. रानातला आवळा मात्र ज्यांच्याजवळ देण्यासारखे फार काही नाही त्यांच्याही हाती लागू शकतो. म्हणीने त्याला क्षुल्लक ठरवले, ते त्याच्या याच सुलभतेमुळे. हिस्सारच्या दुष्काळात ही सुलभताच उपयोगी पडली होती, आणि आवळ्याच्या साऱ्या गुणांत तिचीच नोंद पोषणाच्या तक्त्यांत कोठे होत नाही.